माळ्यावरचा राउटर

मराठी घराचा एक अलिखित नियम आहे. चालू वस्तू टाकायची नाही. 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणायचं आणि माळ्यावर चढवायची. फोनलाइनवरचं ब्रॉडबँड जाऊन घरात फायबर आलं, नवा डबा भिंतीवर लागला, की जुना राउटरही त्याच वाटेनं जातो.

माझं मत विचाराल तर राउटर एकतर वापरा, नाहीतर मोडीत काढा. आणि यातलं काय करायचं ते वेगावरून नाही, फर्मवेअरवरून ठरवा.

वापरायचा कसा? हॉलमधल्या वायफायचा आरसीसीच्या दोन-तीन भिंती ओलांडून मागच्या बेडरूमपर्यंत पोचेतो जीव जातो. तिथे जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून झकास चालतो. नव्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या (नवा राउटर हा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, ते बघून). जुन्याचं डीएचसीपी बंद करा, कारण एका सोसायटीत दोन सेक्रेटरी नकोत. मग नव्याच्या लॅन पोर्टमधून केबल आणून जुन्याच्याही लॅन पोर्टमध्येच लावा, वॅनमध्ये नाही. डीएसएलवाला डबा असला तरी चालेल. फोनची वायर लावायची जागा तेवढी बिनकामाची. पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर वेग तिथे अडेल, पण व्हिडिओ कॉलला तेवढा रग्गड झाला.

आता खरी मेख. राउटर हा छोटा कॉम्प्युटरच आहे, आणि अपडेट बंद झालेला कॉम्प्युटर म्हणजे कडी न लागणारं दार. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं फॅक्टरी पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं इशारा दिला की अपडेट बंद झालेल्या राउटरांत घुसून गुन्हेगार त्यांचा प्रॉक्सी म्हणून वापर करताहेत. लिंक्सिसचं ई१२०० सारखं मॉडेलही त्या यादीत होतं. म्हणजे गुन्हा तिसऱ्याचा आणि आयपी पत्ता तुमचा! नेट चालू असतं, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

'पण जुना तर नव्याच्या आडोशाला आहे ना?' बरोबर, धोका बराच कमी होतो. संपत मात्र नाही. घरातला एखादा बाधित लॅपटॉप त्याच्यापर्यंत आतूनच पोचू शकतो. म्हणून आधी रीसेट, मग शेवटचं फर्मवेअर, नवा अ‍ॅडमिन पासवर्ड, किमान डब्ल्यूपीए२, आणि डब्ल्यूपीएस बंद.

कंपनीनं हात वर केले असतील तर ओपनडब्ल्यूआरटी बघा. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी मध्ये लिनक्स निघालं, २००३ मध्ये कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातूनच हा प्रकल्प उभा राहिला. आज त्याला निदान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते. आपलं मॉडेल, अगदी हार्डवेअर व्हर्जनसकट, त्यांच्या यादीत शोधा.

तिथेही नसेल तर मोह सोडा. रीसेट करा (आत तुमच्या जुन्या कनेक्शनचा पासवर्ड असतो) आणि अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. डबा कंपनीच्या मालकीचा असेल तर परत करा.

पण चांगलं चालणारं यंत्र केवळ अपडेट नाही म्हणून टाकावं लागतं, याचा राग यायला हवा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांना सिक्युरिटी अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं. आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरी असते. राउटरच्या खोक्यावर एमआरपीशेजारी ती का नसावी? पुढचा राउटर घेताना दुकानदाराला वेगाआधी हे विचारा. त्याला उत्तर येणार नाही कदाचित, पण दहा जणांनी विचारलं तर तो कंपनीला विचारेल.