विश्लेषण : फिश टँकमधील वनस्पतींना खत द्यावे का?

निफाड-दिंडोरीत नातेवाईक असलेल्या नाशिककराच्या टँकमधली पाने पिवळी पडली, की सल्ला ठरलेला असतो : ‘बागेतले १९:१९:१९ चिमूटभर टाका.’ सल्ला देणारा अडाणी नसतो. अ‍ॅक्वेरियमसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्यांमध्ये बहुतेकदा पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम सल्फेट, मोनो पोटॅशियम फॉस्फेट आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्येच असतात. ठिबकमधून द्राक्षबागेला १३:०:४५, ०:०:५० आणि ०:५२:३४ या नावांनी हेच क्षार जातात. तरीही ती चिमूट टाकू नये. आणि बहुतेक घरगुती टाक्यांत बाटलीतले खतही घाईने ओतू नये.

एका ग्रॅमचा हिशेब

दोन फुटी टाकीत (२४ बाय १२ बाय १२ इंच) वाळू-दगड वजा जाता साधारण ५० लिटर पाणी राहते. त्यात १ ग्रॅम १९:१९:१९ विरघळवले तर लिटरमागे जवळपास ४ मिलिग्रॅम नायट्रोजन वाढतो. या खतातला बराचसा नायट्रोजन युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतो, आणि युरियाचाही पुढे जिवाणूंमुळे अमोनियाच होतो. द्राक्षवेलीला हे सगळे चालते, कारण मधे माती आहे. माशाचे कल्ले मात्र थेट त्या पाण्यातच असतात. चालू टाकीत अमोनियाची चाचणी शून्य दाखवायला हवी. पाण्याचा सामू जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी वाटा जास्त. मासे वर येऊन धापा टाकताना दिसले की घरचे म्हणतात, ‘हवा कमी पडतेय’, आणि एअर पंप वाढवतात. तेव्हा गरज असते पाणी बदलण्याची.

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या शेतीच्या मिश्रणात तांबेही असते. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद वापरणाऱ्या जिल्ह्याला तांबे बुरशीचे काय करते हे सांगायला नको. चेरी श्रिंप आणि गोगलगायीही त्याला तितक्याच नाजूक असतात.

खत टाकीत आधीच आहे

माशांच्या खाद्यात प्रथिने आणि फॉस्फरस असतो. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निघतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि वनस्पती हे सारे वापरतात. पाच-सात गप्पी-मॉली, दगडाला बांधलेला अ‍ॅन्युबियस, जावा फर्न आणि सहा-सात तास साधा एलईडी दिवा अशी टाकी असेल, तर नायट्रोजन आणि फॉस्फरस विकत आणण्याचे कारण उरत नाही. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी तर आधी तेच पाणी तपासावे. शेतीपट्ट्यातल्या भूजलात नायट्रेट अगोदरच असू शकते.

मग पाने का वाढत नाहीत? लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात रुजवलेला नियम इथे लागू पडतो : जो घटक सर्वांत कमी, तोच वाढ रोखतो. घरगुती टाकीत तो घटक बहुधा प्रकाश किंवा कार्बन डायऑक्साइड असतो. तो वाढवल्याशिवाय दिलेले खत पाण्यात साचते, आणि कमजोर वनस्पतींवर शेवाळ चढते. गोदावरीत पाणवेली माजते तीही सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवरच. तिथे उन्हाची कमतरता नाही एवढाच फरक.

उलट टोकही आहे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, प्रखर दिवे, लाल रोटाला आणि मोजकेच मासे अशा टाकीला खत न देणे ही उपासमार ठरते. अमेरिकेतील टॉम बार यांची पद्धत अशा टाक्यांसाठीच प्रसिद्ध झाली : अन्नद्रव्ये मुद्दाम जास्त द्यायची आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलायचे. इंटरनेटवरून यातला डोस तेवढा उचलला जातो, पाणी बदलणे राहून जाते.

देठ परीक्षणाची सवय

चांगला द्राक्ष बागायतदार फुलोऱ्यात घडासमोरच्या पानांचे देठ प्रयोगशाळेत पाठवतो आणि अहवाल पाहून मात्रा ठरवतो. हीच शिस्त टाकीला हवी. देठ पाठवायची गरज नाही, नायट्रेटचा टेस्ट किट आणि डोळे पुरतात. जुनी पाने सबंध पिवळी पडत असतील आणि नायट्रेट शून्याजवळ असेल, तर नायट्रोजन कमी आहे. जुन्या पानांना बारीक भोके पडून ती मोठी होत असतील, तर संशय पोटॅशियमवर. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण बागायतदाराला तोंडपाठ असते. खाद्यातून कमी पडतात ती बहुधा हीच दोन : पोटॅशियम आणि लोह.

म्हणून द्यायचेच तर एका वेळी एकच द्यावे, तेही अ‍ॅक्वेरियमसाठी बनवलेले, आणि लेबलवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करावी. क्रिप्टोकोरायनसारख्या मुळांवाटे खाणाऱ्या वनस्पतींना वाळूत पुरायची गोळी पाण्यातल्या खतापेक्षा बरी. पुढचे दोन-तीन आठवडे फक्त नवी पाने पाहावीत. जुने पान पुन्हा भरून येत नाही. ते काढून टाकावे, पण गोदावरीत किंवा नाल्यात नव्हे. टाकीतून उपसलेले पाणी मात्र बाल्कनीतल्या कुंड्यांना घालावे, त्यात नायट्रेट आयते असते.