रद्दीत घालण्याआधी

दिवाळीची सफाई निघाली की पहिली धाड पडते ती माळ्यावरच्या ट्रंकेवर. गेल्या वर्षी आमच्याकडेही पडली. सासऱ्यांची खरेदीखतं, पेन्शनची फाइल सगळं नीट पिशवीत घालून परत ठेवलं गेलं. सासूबाईंच्या हिशेबाच्या वह्या आणि त्यांना माहेरून आलेली पोस्टकार्डं मात्र रद्दीच्या ढिगात. ढीग करणारी मीच! रद्दीवाला दारात असताना एक वही सहज उघडली. दूध, रॉकेल, शाळेची फी, आणि खाली बारीक अक्षरात – ‘भाऊजींच्या कॉलेजसाठी पाटली मोडली.’

आमच्या घरात आजवर सांगितलं जायचं की, मामंजींनी भावाला शिकवलं. पाटलीचं नाव कुणीच काढलं नव्हतं.

तेव्हा अमेरिकेतल्या एका लायब्ररीची आठवण झाली. न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्क नावाचं गाव आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. पूर्वी तिथे राष्ट्राध्यक्षांचे कागद ही त्यांची खासगी मालमत्ता समजली जायची. काही जळाले, काही विकले गेले, काही वारसांमध्ये वाटले गेले. रूझवेल्ट यांनी पदावर असतानाच आपल्या जागेवर, देणग्यांतून इमारत बांधून घेतली आणि कागदांसकट सरकारच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवली. १९४१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनीही तोच पायंडा पाळला. १९७८ मध्ये तर कायदाच झाला आणि पुढच्या राष्ट्राध्यक्षांचे कारभाराचे कागद जनतेच्या मालकीचे ठरले.

पण मला त्या लायब्ररीचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. तिथे साहेबांच्या युद्धाच्या फाइलींबरोबर बाईसाहेबांचे, म्हणजे एलिनॉर रूझवेल्ट यांचे कागदही आहेत. १९७२ मध्ये तर त्यांच्या स्मरणार्थ इमारतीला दोन दालनं जोडली गेली. या बाई १९३५च्या अखेरीपासून १९६२ पर्यंत वर्तमानपत्रात सदर लिहीत होत्या, बहुतेक काळ आठवड्याचे सहा दिवस! १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन तडाख्यात, त्यांनी एका मासिकातून लोकांना सांगितलं की, मला पत्र लिहा. त्या एका वर्षात तीन लाख पत्रं आली. कुणाला कोट हवा होता, कुणाला काम. १९३५ मध्ये ट्रॉय गावच्या एका गरोदर बाईने बाळाचे कपडे उसने मागितले आणि तारण म्हणून आपल्या दोन अंगठ्या देऊ केल्या. एक नवऱ्याने दिलेली, दुसरी आईची.

बघा ना, ना ती पुढारी, ना लेखिका. पण तिचं पत्र कुणी फेकलं नाही, म्हणून मंदी म्हणजे काय असते हे आज आकड्यांच्या पलीकडे कळतं.

याच एलिनॉरबाई संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष होत्या. आपल्या हंसा मेहता त्या आयोगावर होत्या. पुढे त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरूही झाल्या. १९४८च्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ नव्हे, ‘सर्व माणसं’ असे शब्द यावेत म्हणून हंसाबाईंनी आग्रह धरला. हे आज ठामपणे सांगता येतं, कारण बैठकांची टिपणं कुणीतरी जपली. नाहीतर तेही श्रेय कुणाच्या तरी नावावर जमा झालंच असतं!

आपल्या घरात काय होतं? सातबारा जपतो, तो जपायलाच हवा. पण बाईची वही म्हणजे ‘त्यात काय असतंय?’ आणि हे म्हणणाऱ्याही बहुतेकदा आपणच असतो. स्वतःच्या लिहिण्याला आपणच कवडीमोल ठरवलं, तर दुसरा कोण मोल देणार?

मैत्रिणींनो, त्यासाठी संग्रहालय बांधायला नको. जुन्या फोटोमागे पेन्सिलने नावं आणि साल लिहा. ‘अमक्याची बायको’ नको, तिचं स्वतःचं नाव लिहा. वह्या, पत्रं, बचत गटाची जुनी रजिस्टरं ओल आणि वाळवीपासून दूर, कोरड्या डब्यात ठेवा. सासू, आई, आत्या आहेत तोवर विचारून घ्या आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

ती वही आता आमच्या कपाटात, खरेदीखतांच्या शेजारी आहे. यंदा भाऊबीजेला काकाजी आले, तेव्हा ते पान मी त्यांच्यापुढे धरलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “वहिनीनं कधी बोलून दाखवलं नाही गं.”

तिने बोलून दाखवलं नव्हतं. पण लिहून ठेवलं होतं.