बिनझाडांचे बेट

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीझ बेटांच्याही पलीकडे, सुमारे ६५ किलोमीटर खुल्या दर्यात सेंट किल्डा हा द्वीपसमूह आहे. वस्ती होती ती त्यातल्या हिर्ता बेटावर. ४०० मीटरपेक्षा उंच कडे थेट पाण्यातून उठलेले. झाड मात्र एकही नाही.

इथली माणसे जगली पाखरांवर. कमरेला दोर बांधून पुरुष कड्यावरून खाली उतरत आणि फुल्मार, गॅनेट या समुद्रपक्ष्यांची शिकार करीत. मांस खायला, तेल दिव्याला, पिसे जमीनदाराला खंड म्हणून. मांस टिकवायला रचलेल्या दगडी कोठ्या बाराशेहून अधिक. त्यांना चुना-माती नाही. फटींतून वारा खेळला पाहिजे ना! रोज सकाळी पुरुष गल्लीत जमून दिवसाचे काम ठरवीत. (बैठकीत बायका नसत. आमच्या भगिनी विचारतीलच, म्हणून आधीच सांगतो.)

मग बेट सुटले कसे? हाकलले कोणी नाही. तरुण एकेक करून बाहेर गेले, दोर धरायला हात पुरेनात. हिवाळ्यात महिनोन्‌महिने बोट नाही, आजाऱ्याला डॉक्टर नाही. शेवटी १९३० मध्ये त्यांनीच सरकारकडे अर्ज केला आणि २९ ऑगस्टला उरलेली ३६ माणसे निघाली. घराघरांत बायबल आणि मूठभर ओट मागे ठेवून. या बिनझाडांच्या मुलखातल्या पुरुषांना सरकारने नोकरी दिली ती जंगल खात्यात!

दोन वर्षांनी शेजारच्या सोए बेटावरच्या मेंढ्या हिर्तावर आणून सोडल्या. त्यांची पिलावळ आज ओस गल्लीत चरते आणि वादळ आले की त्याच कोठ्यांत शिरते.