सावळ्या विठ्ठलाच्या भूमीत गोरेपणाचा बाजार

वैशाख तापू लागला की उन्हाने ‘काळवंडलेल्या’ चेहऱ्यांची चिंता वाहणाऱ्या जाहिरातींना ऊत येतो. वस्तुतः उन्हात वर्ण गडद होणे हा विकार नव्हे. अतिनील किरणांपासून रक्षण व्हावे म्हणून त्वचा मेलॅनिन वाढवते. निसर्गाच्या या कवचालाच डाग ठरवून बाजार उभा राहिला. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये ‘फेअर’ टाकून ‘ग्लो’ स्वीकारले; पाटी बदलली, हव्यास तोच.

या हव्यासाचे मोल भयंकर आहे. गोरे करणाऱ्या अनेक बेनामी क्रीममध्ये पारा आढळला आहे. तो मेलॅनिनची निर्मिती रोखतो आणि त्वचेतून शरीरात भिनून मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यातील एकाच घरातील तिघींना जडलेल्या मूत्रपिंडविकाराचा माग अशाच क्रीमपर्यंत पोहोचल्याचे वृत्त २०२३ मध्ये आले होते.

माठात वाळ्याची जुडी, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, भर दुपारी सावली ही आपली उन्हाळ्याची निगा. तिचा हेतू दाह शमवणे हा. वर्ण पालटणे नव्हे. (हल्ली उटणेही ‘उजळपणा’च्या नावाने खपवतात, हे स्वदेशीचे विडंबनच!)

पण दोष एकट्या कंपन्यांचा कसा? सावळ्या विठ्ठलापुढे माथा टेकणारा, द्रौपदीला ‘कृष्णा’ म्हणून गौरवणारा समाजच ‘गोरी वधू पाहिजे’ असे छापतो. सुट्टीत मामाच्या गावी मनसोक्त हुंदडून परतलेल्या मुलीचे स्वागत ‘किती काळी पडलीस गं!’ या शब्दांनी होते, तेही घरच्याच उंबरठ्यावर.