सिद्धांताची मोहिनी आणि चाचणीचा कौल

मनुष्याचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावते, आणि या अखंड श्रमाला लागणारी ऊर्जा ज्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, अहोरात्र निर्माण करीत असतात, त्यांनी हृदयाच्या स्नायुपेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापलेला असतो. ऊर्जानिर्मितीच्या या व्यवहारात प्राणवायूचे काही अतिक्रियाशील अंश निसटतात, आणि ते आवरण्याचा शरीराचा बंदोबस्त अपुरा पडू लागला म्हणजे पेशीतील मेद, प्रथिने व जनुकद्रव्य यांना इजा पोहोचते. दुर्बळ झालेल्या हृदयात हा ऑक्सिडेटिव्ह ताण वाढलेला असतो, ही गोष्ट निर्विवाद आहे. आणि म्हणूनच, त्याला आळा घालणारी जीवनसत्त्वे पोटात गेली की हृदय सावरेल, हे अनुमान विद्वानांनाही दीर्घकाळ मोहवीत राहिले.

परंतु अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. ब्रिटनमधील हार्ट प्रोटेक्शन स्टडीत हृदयरोगाची मोठी जोखीम असलेल्या २०,५३६ लोकांपैकी निम्म्यांना ई व क जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन सुमारे पाच वर्षे रोज देण्यात आले, व उरलेल्यांना त्याच रूपाची निर्गुण गोळी. २००२ साली निकाल जाहीर झाला तेव्हा पहिल्या गटाच्या रक्तात जीवनसत्त्वे भरपूर वाढली होती, पण मृत्यू, हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात यांत लक्षणीय घट नव्हती. उलट, याच लोकांपैकी ज्यांना सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन मिळाले त्यांच्यात झटके आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे कमी भरले. एकाच चाचणीने दिलेला इतका स्वच्छ निवाडा वैद्यकात विरळा. २००५ च्या होप-टू चाचणीत तर ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण अधिकच आढळले. हेच अतिक्रियाशील अंश अल्प प्रमाणात पेशीचे निरोप्येही असतात, तेव्हा त्यांचा सरसकट बीमोड हितावह ठरू नये, यात मला अस्वाभाविक काही दिसत नाही.

याचा अर्थ ही वाटच बंद करावी असा नव्हे. कोएन्झाइम क्यू-१० या तंतुकणिकांतील द्रव्याने २०१४ च्या क्यू-सिम्बिओ चाचणीत हृदय दुर्बळ झालेल्यांना लाभ दाखविला. मात्र तीत रुग्ण अवघे ४२० होते, आणि एवढ्या दाखल्यावर सर्वांना शिफारस करणे घाईचे होईल. ही चाचणी मोठ्या प्रमाणावर पुन्हा व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

तोवर औषधांच्या दुकानातून जीवनसत्त्वांची वा क्यू-१० ची बाटली उचलताना तिचे लेबल उलटून पाहावे: पूरक आहाराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालावर, तो औषधी उपयोगासाठी नाही, असे छापणे आपल्या कायद्याने बंधनकारक केले आहे. वाचकांना माझी कळकळीची विनंती एवढीच, की पैशांच्या ओढाताणीत स्टॅटिनची वा रक्तदाबाची गोळी बंद करून तिच्या जागी ही बाटली आणू नये. आणि आणली असलीच, तर पुढच्या तपासणीस जाताना ती डॉक्टरांपुढे ठेवावी, कारण रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा रक्तस्रावाचा धोका वाढवू शकते.