मस्टर पक्के, माणूस कच्चा

कंत्राटदाराच्या कामगाराला अपघात झाला की कारखान्याच्या ऑफिसातून आधी फाइल बाहेर निघते. परवाना आहे, पीएफचे चलन आहे, ईएसआयचा नंबर आहे, इंडक्शनच्या कागदावर सही आहे. मग कंपनीचा दोष कुठे? चाकणपासून तारापूरपर्यंत कुठल्याही एमआयडीसीत हा युक्तिवाद ऐकायला मिळतो. तो तीन गृहीतकांवर उभा आहे. कागद पूर्ण म्हणजे कम्प्लायन्स पूर्ण. माणूस ठेकेदाराचा, म्हणून त्याला तयार करणेही ठेकेदाराचेच काम. आणि कंपनीने त्यात लक्ष घातलेच, तर उद्या तोच माणूस कायम करा म्हणून कोर्टात जाईल. वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दर 10 कामगारांमागे साधारण 4 जण कंत्राटी आहेत. त्यामुळे या तिन्ही गृहीतकांची झडती घ्यायलाच हवी.

पहिले गृहीतक अर्धे खरे आहे. ईएसआयचा नंबर नसेल तर भाजलेल्या कामगाराच्या उपचाराचे हाल होतात आणि मस्टर खोटे असेल तर मजुरी बुडते. कागद हवेतच. पण चलनावरून पैसे भरल्याचे कळते, वेल्डरला काय येते ते कळत नाही.

शटडाउनच्या दिवसांतली सकाळ पाहावी. गेटजवळच्या खोलीत वीस-पंचवीस जणांना एक हिंदी व्हिडिओ दाखवतात. ठेकेदाराचा सुपरवायझर प्रश्नपत्रिकांवर सगळ्यांच्या वतीने एकाच पेनने खुणा करतो, सह्या होतात, गेटपास मिळतो आणि तासाभरात त्यातला एखादा सॉल्व्हंटच्या टाकीत उतरतो. टाकीला जोडलेल्या लाइनवर ब्लाइंड, म्हणजे लाइन पूर्ण अडवणारी चकती, टाकली आहे, की नुसता व्हॉल्व्ह बंद आहे? गॅस टेस्ट मॅनहोलच्या तोंडाशी घेतली, की तळाशी? बहुतेक सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाला बसते. वरचे रीडिंग निर्धोक दाखवेल आणि खाली माणूस गुदमरेल. आतला साथीदार कोसळला तर मागोमाग उडी मारायची नसते, हे त्याला कुणी सांगितले आहे का? फाइलमध्ये याचे उत्तर नसते.

‘माणूस ठेकेदाराचा’ हे दुसरे गृहीतक कायद्यापुढे टिकत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कामगाराच्या व्याख्येत 1976 च्या दुरुस्तीने ठेकेदारामार्फत घेतलेला माणूसही स्पष्टपणे धरला, मग मुख्य मालकाला त्याची खबर असो वा नसो. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने, कामगारांच्या सुरक्षिततेची आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणाची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर स्पष्ट शब्दांत टाकली. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची, अशी तरतूद होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती आहे. संहितेने कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्यासाठीची किमान संख्या 20 वरून 50 केली, पण मुख्य मालकाची सुटका केलेली नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी साधा व्यवहार उरतो. लाइनमध्ये काय वाहते, कोणते युनिट कधी सुरू होणार, हे कारखान्याला ठाऊक असते. ठेकेदाराला ते कळायचे तर कारखान्यानेच सांगावे लागते. 1989 मध्ये टेक्सासमधल्या पासाडेना इथे फिलिप्सच्या पॉलिएथिलीन कारखान्यात ठेकेदाराची माणसे देखभालीचे काम करत असताना वायू सुटला आणि स्फोटात 23 जण मेले. त्यानंतर 1992 मध्ये अमेरिकेने नियमच केला, की ज्ञात धोके ठेकेदाराला सांगणे, त्याचा सुरक्षेचा पूर्वेतिहास तपासणे आणि त्याच्या माणसांच्या दुखापतींची नोंद ठेवणे ही कारखान्याची जबाबदारी. तो नियम असतानाही 23 मार्च 2005 रोजी टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत 15 जणांचा जीव गेला, आणि ते पंधराही जण ठेकेदारांचे होते. शेजारचे युनिट त्या दिवशी सुरू होत आहे, हे जवळच्या ट्रेलरमध्ये बसलेल्या या लोकांना कुणी सांगितलेच नव्हते. त्यांच्या ठेकेदाराने कितीही प्रशिक्षण दिले असते, तरी ही एक गोष्ट तो देऊ शकला नसता.

तिसरे गृहीतक वकिली आहे, म्हणून एचआर विभागांना ते फार आवडते. कंपनीने थेट प्रशिक्षण दिले तर नियंत्रण सिद्ध होईल, कंत्राट दिखाऊ ठरेल, ही भीती. पण बलवंतराय सलुजा खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्याने बंधनकारक असलेल्या कँटीनमधले कामगार कारखाने कायद्यापुरते त्या आस्थापनेचे ठरतात, इतर बाबींसाठी नव्हे. म्हणजे सुरक्षेचे वैधानिक कर्तव्य पार पाडणे वेगळे आणि नोकरीचे नाते वेगळे. ज्यांचे कंत्राट मुळातच बनावट आहे त्यांनी जरूर घाबरावे. बाकीच्यांनी या भीतीआड लपू नये.

मग तयारी कशाला म्हणायचे? ज्या कामाला माणूस लावायचा, त्या कामाचे धोके त्या प्लँटच्या इंजिनिअरने जागेवर उभे राहून सांगावेत, आणि कामगाराला कळेल अशा भाषेत सांगावेत. सहीऐवजी हाताने करून दाखवायला लावावे: वेल्डरने चाचणीचा तुकडा जोडून दाखवावा, उंचीवर जाणाऱ्याने हार्नेस घालून हुक कुठे अडकवणार ते दाखवावे. परमिट टेबलावर न देता कामाच्या जागी, गॅस मीटर हातात घेऊन द्यावे. काही खटकले म्हणून काम थांबवणाऱ्याचा रोज कापू नये. ठेकेदाराकडचा अपघात कंपनीच्याच आकडेवारीत धरावा. उद्या माणूस दुसरीकडे जाईल, खर्च कशाला, असे कुणी म्हणेल; पण जीव आज धोक्यात असतो, आणि नवखा असेल तर जास्तच.

खरी गोम निविदेत आहे. सर्वांत कमी दराला काम दिले जाते, आणि दर पाडताना ठेकेदार आधी प्रशिक्षणाचे तास कापतो, कारण त्यांचे पैसे त्याला कुणी देतच नाही. प्लँट हेड आणि खरेदी विभागाने पुढच्या शटडाउनच्या निविदेत प्रशिक्षणाचे तास स्वतंत्र बाब म्हणून लिहावेत, त्यांचा दर कंपनीनेच ठरवावा आणि त्यावर बोली लावू देऊ नये.