चित्र आधी पाहावे

साहित्य मंडळांच्या व्यासपीठांवर पाश्चात्त्य चित्रकलेविषयी व्याख्याने होतात, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्यांची रूढ रीत आम्हांस मान्य नाही. वक्ता व्हॅन गॉगच्या कापलेल्या कानाची हकीकत सांगतो, ‘मोनालिसा’ची १९११ सालची चोरी रंगवतो आणि पडद्यावरील चित्र अर्ध्या मिनिटात पुढे सरकते. श्रोते चरित्र ऐकून घरी जातात. चित्र मात्र कोणीच पाहिलेले नसते. दुसरा पक्ष म्हणतो, ती चित्रे परक्यांची, आपणांस त्यांचे काय? चित्रापुढे स्वस्थ बसणे या दोन्ही पक्षांना नको असते.

एकच उदाहरण घेऊ. ब्रसेल्सच्या संग्रहालयातील इकॅरसच्या पतनाचे चित्र सोळाव्या शतकातील पीटर ब्रॉयगेलच्या नावाने प्रसिद्ध आहे. ते त्याच्या हरवलेल्या मूळ चित्राची नक्कल असावी, असे अनेक तज्ज्ञ मानतात. मेणाने जोडलेले पंख लावून इकॅरस सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळले आणि तो समुद्रात पडला, अशी ही ग्रीक कथा. शीर्षक वाचलेला प्रेक्षक इकॅरसला शोधतो आणि तो सापडताच पाहणे थांबवतो. शीर्षक न वाचलेल्यास आधी दिसतो घोड्यामागे नांगर धरलेला शेतकरी. मग काठीवर रेलून आभाळाकडे पाहणारा मेंढपाळ, गळ टाकून बसलेला माणूस, शिडे फुगलेले गलबत. अखेरीस, गलबताच्या खालच्या अंगास, पाण्यावर उघडे पडलेले दोन पाय.

रोमन कवी ओव्हिडच्या कथनात हेच तिघे उडणाऱ्या बापलेकांकडे थक्क होऊन पाहतात. चित्रात पडणाऱ्याकडे एकाचेही लक्ष नाही. मेण वितळवणारा सूर्यही क्षितिजाला टेकलेला आहे. चित्रकाराने येथे कथेशी वाद घातला आहे, आणि तो वाद केवळ पाहण्यानेच कळतो. हरमलच्या शेतकऱ्याला अथवा रापणकाराला त्यासाठी कलेची पदवी लागणार नाही. नांगर धरलेल्याची नजर तासावर आणि गळ टाकलेल्याची पाण्यावर का खिळते, हे तो आपल्या व्याख्यात्याहून अधिक जाणतो.

परकेपणाचा आक्षेपही गोव्यात तरी टिकत नाही. सांग्यात १८७० साली जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद युरोपीय तैलचित्रणाची रीत आत्मसात करून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवू लागले. त्यांची चित्रे पणजीत फुंदासांव ओरिएंतच्या संग्रहात आहेत. हरमलहून एका दिवसात पाहून येता येतील. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह गटाच्या स्थापनेत अग्रभागी होते आणि १९४९ साली लंडनला गेले. त्यांचे १९५९ चे ‘क्रूसारोहण’ तेथील टेट संग्रहालयात आहे. या दोघांनी युरोपची चित्रे डोळे भरून पाहिली, म्हणूनच त्यांना त्यांतून घेता आले आणि सूझांना त्यांच्याशी भांडताही आले.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. हरमलच्या किनाऱ्यावर सूर्यास्त टिपणाऱ्यास रापण ओढणारे हात चौकटीत अडचणीचे वाटतात. डोंगर, शेते, समुद्रालगतचे गोड्या पाण्याचे तळे हा नुसता ‘देखावा’ ठरला, की त्याला देखाव्याचा भाव लागतो आणि तेथे राबणारा माणूस त्या दोन पायांसारखा कोपऱ्यात जातो. उतावीळ नजरेने चित्रे पाहण्याची सवय लागलेला समाज आपला गावही तसाच पाहू लागेल, अशी आम्हांस भीती वाटते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की मंडळांनी वर्षातून चार चित्रे निवडावीत. प्रत्येक चित्र अर्धा तास पडद्यावर ठेवावे. चित्रकाराचे नाव व शीर्षक शेवटी सांगावे. आणि पहिला बोलण्याचा मान व्याख्यात्याला न देता शेतात व समुद्रावर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांना द्यावा. व्याख्याता त्यानंतर बोलला तरी चालेल.